उंचीचा आसरा

समुद्र गावात शिरला तर माणसाने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर शतकानुशतके एकच होते : टेकडी गाठावी. परंतु टेकडी प्रत्येक गावाच्या उशाला नसते. जेथे किनारा सपाट आहे, वस्ती दाट आहे आणि लाट पोहोचण्यास अवघी पंधरा-वीस मिनिटे आहेत, तेथे म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया आणि शाळेतली लेकरे यांनी कोठे जावे? माणसाने बांधलेली इमारत अशा वेळी टेकडीचे काम करू शकते काय? करू शकत असेल, तर कोणती इमारत त्या योग्यतेची आणि कोणती नाही, हे आधी कसे ओळखावे? या प्रश्नाचे शास्त्र गेल्या पाऊणशे वर्षांत आकारास आले. ते बहुतांशी जपानच्या किनाऱ्यावर घडले आणि त्याची किंमत माणसांनी प्राणांनी मोजली. त्या इतिहासाचा मागोवा घेण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

भूकंप आणि लाट : परस्परविरोधी आज्ञा

या प्रश्नातील मूळ अडचण लिस्बनच्या आपत्तीत स्पष्ट दिसते. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनची चर्चे भाविकांनी भरलेली असताना मोठा भूकंप झाला. दगडी कमानी आणि छते उपासकांच्या डोक्यावर कोसळली. जे वाचले ते पडत्या भिंतींपासून दूर म्हणून तागुस नदीच्या मोकळ्या काठाकडे धावले. सुमारे चाळीस मिनिटांनी समुद्राच्या लाटा नदीच्या मुखातून आत शिरल्या आणि त्या मोकळ्या काठावर उभ्या असलेल्यांना घेऊन गेल्या.

भूकंप माणसाला इमारतीबाहेर पडावयास सांगतो आणि मागून येणारी लाट त्याला उंच चढावयास सांगते. या दोन आज्ञांचा मेळ घालावयाचा, तर भूकंपाने न पडणारी आणि लाटेने न वाहणारी अशी इमारत हवी. अठराव्या शतकातील युरोपला अशी इमारत ठाऊक नव्हती. जपानलाही ती नव्हती. तेथे घरे लाकडाची होती. ती भूकंपात निभावली तरी पाण्यात तरंगत जात. म्हणून जपानी किनाऱ्याची सारी जुनी शहाणीव टेकडीभोवती गुंफलेली आहे.

१८५४ च्या डिसेंबरात कीई प्रांतातील हिरो या गावी भूकंपानंतर लाटा आल्या. संध्याकाळ होती, अंधारात लोकांना वाट सुचेना. गावातील एक व्यापारी हामागुची गोऱ्यो यांनी शेतातल्या भाताच्या गंज्यांना आग लावली आणि त्या उजेडाच्या खुणेने लोक उंचावरील देवस्थानापर्यंत पोहोचले. लाफ्काडिओ हर्न या लेखकाने १८९७ साली ही हकीकत इंग्रजीत नेली व ती जगभर झाली. तिचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. उद्ध्वस्त गाव सोडून लोक निघून जाऊ नयेत म्हणून हामागुचींनी स्वतःच्या पैशाने त्यांना काम दिले आणि सुमारे ५ मीटर उंच व ६०० मीटर लांब असा मातीचा बांध उभारला. १९४६ च्या त्सुनामीत त्या बांधाने गावाचा बराच भाग राखला. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरविला, तो याच घटनेच्या जुन्या जपानी पंचांगातील तिथीवरून.

ईशान्य जपानच्या सान्रिकू किनाऱ्याचा अनुभव अधिक कठोर आहे. १५ जून १८९६ रोजी तेथे भूकंपाचा धक्का इतका सौम्य जाणवला की लोक घरातच राहिले. अर्ध्या तासाने आलेल्या लाटांनी सुमारे २२,००० माणसे नेली. ३ मार्च १९३३ रोजी पुन्हा तेच झाले आणि सुमारे ३,००० माणसे दगावली वा बेपत्ता झाली. त्यानंतर आनेयोशी या खेड्याच्या वाटेवर एक शिळा रोवण्यात आली. या जागेच्या खाली घर बांधू नये, अशी ताकीद तिच्यावर कोरलेली आहे. पुढच्या पिढ्यांनी ती पाळली. २०११ साली त्या दरीत पाणी ४०.५ मीटर उंचीपर्यंत चढले, पण शिळेच्या वरच्या घरांना ते शिवले नाही.

याच किनाऱ्यावर ‘त्सुनामी तेन्देन्को’ अशी एक म्हण आहे. लाट येताना प्रत्येकाने आपापले पळावे, कोणी कोणाची वाट पाहू नये, असा तिचा आशय. प्रथम ऐकताना ती निष्ठुर वाटते. परंतु आईने मुलाला शोधत घरी परतावे आणि मुलाने आईची वाट पाहत शाळेत थांबावे, यात संपूर्ण घरे बुडाली होती. दुसराही निश्चितपणे पळाला असेल, हा विश्वास आधीच घरात पक्का करावा, असा तिचा खरा अर्थ आहे.

टेकडी नसेल तेथे

आर.सी.सी. बांधकाम रूढ झाले आणि चित्र बदलू लागले. हवाई बेटांवर हिलो शहरात २३ मे १९६० रोजी चिलीहून आलेल्या लाटांनी ६१ माणसे मृत्युमुखी पडली. पुढील काळात होनोलुलूच्या समुद्रकाठी उंच हॉटेलांची रांग उभी राहिली. हजारो पाहुण्यांना अरुंद रस्त्यांवरून डोंगराकडे नेणे अशक्यप्राय, म्हणून तेथे निराळा नियम रूढ झाला : दहा किंवा अधिक मजल्यांची पोलादी वा काँक्रीटची इमारत असेल तर चौथ्या मजल्यावर अथवा त्याहून वर जावे.

जपानात या विचाराला जोर आला तो १२ जुलै १९९३ च्या रात्रीनंतर. होक्काइदोजवळील ओकुशिरी बेटावर भूकंपानंतर काही मिनिटांतच लाटा आल्या. जवळपास दोनशे बेटवासी प्राणांस मुकले. सूचना निघेपर्यंत पाणी पोहोचले होते. जेथे वेळच नाही, तेथे आसरा पावलांच्या अंतरावर हवा, हा धडा त्या बेटाने दिला. १९९८ साली मिए प्रांतातील निशिकी या मासेमारीच्या गावी, १९४४ ची लाट सोसलेल्या वस्तीत, सुमारे २२ मीटर उंचीचा पाच मजली मनोरा बांधण्यात आला. दिसावयास तो दीपगृहासारखा आहे. तळाशी सार्वजनिक शौचालय आणि अग्निशमनाचे सामान, दुसऱ्या मजल्यावर बैठकीची खोली, तिसऱ्यावर आपत्तींची माहिती जपणारा संग्रह, आणि वरचे दोन मजले संकटसमयी माणसांसाठी मोकळे. रोजच्या वापरातली इमारतच संकटाच्या वेळी पायांना आपसूक सापडते, हे ती योजना करणाऱ्यांना उमगले होते. केवळ प्रलयासाठी राखून ठेवलेल्या इमारतीला कुलूप लागते, कुलपाला गंज चढतो आणि किल्ली कोणाकडे आहे हे आयत्या वेळी कोणास ठाऊक नसते.

इमारतीची परीक्षा

जून २००५ मध्ये, हिंदी महासागरातील प्रलयाला सहा महिने उलटत असताना, जपानच्या मंत्रिमंडळ कार्यालयाने त्सुनामी-आश्रय इमारतींसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. इमारत नवी बांधावी लागते असे नाही. असलेल्यांतून योग्य ती निवडता येते, ही त्यांची भूमिका होती. या परीक्षेचे टप्पे सामान्य वाचकाला समजण्याजोगे आहेत आणि ते समजून घेणे हिताचे आहे.

पहिला प्रश्न भूकंपाचा. इमारत आधी भूकंपातून उभी राहिली पाहिजे. म्हणून जपानात १९८१ च्या सुधारित भूकंपरोधक नियमांनुसार असलेले किंवा तितके बळकट ठरलेले काँक्रीटचे बांधकामच विचारात घेतात.

दुसरा प्रश्न पाण्याच्या दाबाचा. स्थिर पाण्याचा दाब त्याच्या खोलीबरोबर वाढतो. धावत्या पाण्याचा रेटा त्याहून पुष्कळ अधिक असतो आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हे गणित सोपे करण्यासाठी जपानी तज्ज्ञांनी एक युक्ती योजिली. जागेवर जितके खोल पाणी अपेक्षित आहे, त्याच्या तिप्पट उंचीचे स्थिर पाणी भिंतीला रेलून उभे आहे असे धरावयाचे आणि ते इमारतीला सोसवते का पाहावयाचे. तीन मीटर पाणी येणार असेल, तर नऊ मीटरांचा हिशोब.

तिसरा प्रश्न उंचीचा. दोन मीटर पाणी अपेक्षित असेल तर तिसरा मजला, तीन मीटर असेल तर चौथा, असा ढोबळ दंडक होता. अमेरिकेतील २००८ च्या मार्गदर्शिकेने हाच विचार निराळ्या रीतीने मांडला : अपेक्षित पातळीत तीस टक्के मिळवावेत आणि त्यावर आणखी सुमारे तीन मीटर मोकळे सोडावेत. अंदाज चुकणार, हे गृहीत धरून ठेवलेली ही जागा आहे.

पुढे पायाचा प्रश्न येतो. इमारतीला वळसा घालणारे पाणी कोपऱ्यांवरची माती खणून काढते. वाहत आलेले ओंडके, मोटारी आणि होड्या खांबांवर आदळतात. तळमजला मोकळ्या खांबांचा असेल, तर पाणी आरपार निघून जाते आणि रेटा कमी होतो; बंद भिंतींचा असेल, तर सारा भार इमारतीला झेलावा लागतो.

शेवटचे प्रश्न माणसांचे. दर माणसी सुमारे एक चौरस मीटर जागा धरली, तर किती जण मावतील? जिना बाहेरून आहे की आतून? रात्री दार उघडे असते काय? सेकंदाला एक मीटर या चालीने धडधाकट माणूस दहा मिनिटांत सहाशे मीटर जातो. काठी टेकणारी आजी किती जाईल? पाणी कित्येक तास येत-जात राहते आणि पहिली लाट सर्वांत मोठी असतेच असे नाही. तेव्हा एक संपूर्ण रात्र तेथे काढता येईल काय?

११ मार्च २०११

या साऱ्या प्रश्नांची परीक्षा ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी सुरू झाली. ९.० तीव्रतेच्या भूकंपानंतर तीनच मिनिटांत इशारा निघाला. मियागी प्रांतासाठी ६ मीटर आणि इवाते प्रांतासाठी ३ मीटर, असे त्यात म्हटले होते. ३ वाजून १४ मिनिटांनी ते आकडे वाढवून अनुक्रमे १० मीटरांहून अधिक आणि ६ मीटर करण्यात आले. तोवर वीज गेली होती आणि अनेकांच्या कानी पहिलाच आकडा राहिला. त्या दिवशी सुमारे १५,९०० माणसे मृत्यू पावली. अडीच हजारांहून अधिक आजही बेपत्ता आहेत.

मियागीतील मिनामीसान्रिकू या एकाच गावात तीन इमारतींच्या तीन कथा घडल्या.

पहिली, आपत्तिनिवारण कार्यालयाची. ती तीन मजली, सुमारे १२ मीटर उंचीची, पोलादी सांगाड्याची इमारत होती. तेथून शेवटपर्यंत ध्वनिक्षेपकावरून लोकांना पळण्याचे आवाहन होत राहिले. लाट साडेपंधरा मीटरांच्या आसपास आली व छतावरून गेली. ४३ जण गेले. छतावर खांबाला आणि कठड्याला घट्ट धरून राहिलेले मोजके वाचले. तो तांबडा लोखंडी सांगाडा आजही उभा आहे. सांगाडा टिकला, माणसे टिकली नाहीत. बळकटी आणि उंची या दोन भिन्न कसोट्या आहेत, हे याहून अधिक स्पष्टपणे कोणी सांगू शकणार नाही.

दुसरी, मात्सुबारा येथील चार मजली निवासी इमारतीची. २००७ साली ती बांधली गेली तीच मुळी लाटेच्या वेळी आसरा व्हावी म्हणून. समुद्र तिच्या अगदी जवळ. लाटा आल्या, पाणी छतावरही चढले, परंतु छतावर पोहोचलेली ४४ माणसे वाचली. बर्फाळ थंडीत त्यांनी ती रात्र काढली.

तिसरी, ताकानो काइकान या खाजगी समारंभगृहाची. त्या दुपारी तेथे वृद्धांच्या कलागुणांचा कार्यक्रम होता. धक्क्यानंतर अनेक आजी-आजोबा घराकडे निघाले. तेथील कर्मचारी जिन्याशी आडवे उभे राहिले, कोणालाही खाली जाऊ दिले नाही आणि सर्वांना वर चढविले. पाणी छतापर्यंत आले, पण ३२७ माणसे आणि दोन कुत्री वाचली. येथे इमारतीइतकेच श्रेय इमारत ओळखणाऱ्या माणसांचे आहे. आपल्या वास्तूची ताकद त्यांना ठाऊक होती आणि नाराजी पत्करून ते दारात उभे राहिले.

सेंदाई शहरातील आराहामा ही वस्ती सपाट भूमीवर आहे. टेकडी कित्येक किलोमीटर दूर. तेथील चार मजली प्राथमिक शाळेच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत पाणी आले, आणि विद्यार्थी, शिक्षक व गावकरी मिळून ३२० जण वरच्या मजल्यांवर व छतावर सुखरूप राहिले. केसेन्नुमा बंदरात मध्यवर्ती लोकसभागृहात ४४६ जण अडकले. पाण्यापासून ते वाचले. पण फुटलेल्या टाक्यांतील तेल पाण्यावर पसरून पेटले आणि इमारतीभोवती आगीचा वेढा पडला. हेलिकॉप्टरने त्यांची सुटका झाली. पाण्याच्या गणितात आगीचा हिशोब कोणी पुरेसा धरला नव्हता.

ओनागावा बंदरात तज्ज्ञांना अनपेक्षित असे काही दिसले. आर.सी.सी.च्या काही इमारती पायासकट उपटून आडव्या झाल्या होत्या. छताखाली कोंडलेल्या हवेने त्यांना वर उचलले आणि रेट्याने त्या कलंडल्या. काँक्रीटचे घर पाण्यात तरंगू पाहते, हे आधी कागदावर होते. आता डोळ्यांसमोर होते. तेथील छोटी पोलीस चौकी त्याच आडव्या अवस्थेत जपून ठेवण्यात आली आहे.

नावाचा धोका

या इतिहासातील सर्वांत वेदनादायक पान इवाते प्रांतातील कामाइशी शहराच्या उनोसुमाई भागातले आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये तेथे एक दुमजली आपत्तिनिवारण केंद्र सुरू झाले. नाव ‘आपत्तिनिवारण’, पण त्सुनामीच्या वेळी तात्काळ धाव घेण्याचे ठिकाण म्हणून ते ठरविलेले नव्हते. ती ठिकाणे उंचावर होती. मात्र तेथपर्यंत चालणे वृद्धांना जड जाई. सराव असला म्हणजे सोयीसाठी लोकांना या केंद्रात जमविण्यात येई, आणि जास्त माणसे आली म्हणजे सराव यशस्वी झाला असे वाटे. ३ मार्च २०११ रोजी, १९३३ च्या आपत्तीच्या स्मरणदिनी, तेथेच सराव झाला. आठ दिवसांनी खरा धक्का बसला तेव्हा लोक सवयीने तेथेच गेले. पाणी दुसऱ्या मजल्याच्या छताजवळ पोहोचले. नगरपालिकेच्या अंदाजानुसार १६० हून अधिक माणसे तेथे मृत्यू पावली.

त्याच भागात माध्यमिक आणि प्राथमिक शाळा शेजारी-शेजारी होत्या. धक्का थांबताच माध्यमिक शाळेची मुले उंचाकडे पळत सुटली. प्राथमिकची मुले आपल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जात होती. पळणारी मोठी मुले पाहून तीही खाली उतरली व त्यांच्यामागे धावली. पहिले ठरलेले ठिकाण धोक्याचे दिसताच मुले आणखी वर गेली. सुमारे सहाशे मुले वाचली. पाणी त्या शाळेच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले होते.

एकाच भागात, एकाच लाटेसमोर, मोठी माणसे ज्या इमारतीवर विसंबली तिने त्यांना दगा दिला आणि मुलांनी जी इमारत सोडली ती सोडल्यामुळेच ती जगली. यावरून इमारतीचा आसरा खोटा असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. आराहामाच्या ३२० जणांना दुसरा कोणताच आसरा नव्हता. निष्कर्ष इतकाच की इमारतीवर लावलेली पाटी हा पुरावा नव्हे. सोयीसाठी केलेला सराव माणसाच्या पायांना चुकीची वाट शिकवतो, आणि पाय संकटात शिकविलेल्याच वाटेने जातात.

त्यानंतर

डिसेंबर २०११ मध्ये जपानने त्सुनामीपासून सुरक्षित वस्त्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. तिपटीचा दंडक सूक्ष्म झाला : किनाऱ्यापासून दूर किंवा बांधाआड असलेल्या इमारतींना दुपटीचा वा दीडपटीचा हिशोब पुरेसा मानला गेला, समोर आडोसा नसेल तर तिपटीचाच. तरंगण्याच्या व उलटण्याच्या धोक्याकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले. मार्च २०१२ मध्ये कोची प्रांतातील कुरोशिओ या लहानशा गावाला सांगण्यात आले की तुमच्याकडे ३४.४ मीटरपर्यंत लाट येऊ शकते. देशातील तो सर्वांत मोठा आकडा होता. गाव सोडण्याची भाषा सुरू झाली. परंतु गावाने एकही माणूस दगावू न देण्याचा निर्धार करून वाटा आणि मनोरे बांधावयास घेतले. साग वस्तीतील २५ मीटरचा मनोरा २०१७ साली पूर्ण झाला. त्यात २३० जण मावतात.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर वेस्टपोर्टजवळील ओकोस्ता शाळेसाठी २०१३ साली स्थानिक मतदारांनी स्वतःवर कर लावून घेण्यास संमती दिली. २०१६ साली तेथे उत्तर अमेरिकेतील अशा प्रकारची पहिली वास्तू सुरू झाली. व्यायामगृहाच्या छतावर सुमारे एक हजार माणसे उभी राहू शकतात आणि चार कोपऱ्यांतील जिने तेथवर नेतात.

इंडोनेशियातील बांदा आचे शहरात २००४ नंतर जपानी मदतीने मोकळ्या तळमजल्याच्या चार मजली आश्रयवास्तू उभ्या राहिल्या. तरीही ११ एप्रिल २०१२ रोजी मोठा भूकंप झाला, तेव्हा बहुसंख्य लोक या वास्तू ओलांडून वाहनांनी शहराबाहेर निघाले आणि रस्ते तुंबले. सुदैवाने मोठी लाट आली नाही. ज्यांनी २००४ साली घरे कोसळताना पाहिली होती त्यांचा काँक्रीटवर विश्वास बसणे सोपे नव्हते. विश्वास हा बांधकामाचा भाग नसला तरी त्याच्याविना बांधकाम निरुपयोगी ठरते.

आमच्या दारापाशी

हा विषय आम्हा पश्चिम किनाऱ्यावरील लोकांना परका वाटेल. तो तसा नाही. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ ८ हून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही तासांनी त्याच्या लाटा मुंबईला पोहोचल्या. सुमारे दोन मीटर उंचीच्या त्या पाण्याने वर्सोवा, माहीम या भागांत माणसे वाहून गेल्याची नोंद आहे. मकरानच्या त्या प्रस्तराची शक्ती संपलेली नाही. हैदराबाद येथील भारतीय त्सुनामी पूर्वसूचना केंद्र २००७ पासून दोन्ही किनाऱ्यांवर लक्ष ठेवून आहे. ओडिशातील व्यंकटरायपूर व नोलियासाही या दोन वस्त्यांना युनेस्कोच्या आयोगाने २०२० साली ‘त्सुनामीसाठी सज्ज’ म्हणून मान्यता दिली. मकरानची लाट आमच्यापर्यंत यावयास काही तास लागतात, हे आमचे भाग्य. परंतु त्या तासांत कोठे जावयाचे हे आधी ठरलेले नसेल, तर ते तास हातात असूनही वाया जातील.

ख्रिस्ती वाचकांच्या मनात येथे वेलंकनीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. २६ डिसेंबर २००४ हा रविवार होता, पवित्र कुटुंबाचा सण. महामंदिरात मिस्सेसाठी जमलेले भाविक वाचले; किनाऱ्यावर आणि बाजारात असलेले शेकडो यात्रेकरू व गावकरी वाहून गेले. वाचलेल्यांनी देवाचे आभार मानले, आम्हीही मानतो. परंतु ‘मंदिरात होते म्हणून वाचले’ असा नियम त्यातून बांधणे धर्मालाही धरून नाही आणि शास्त्रालाही नाही. लिस्बनचे भाविकही सणाच्या दिवशी मंदिरातच होते. आचेमध्ये चहूबाजूंची वस्ती भुईसपाट झाली असता काही मशिदी उभ्या राहिल्या. त्यांच्या जाड खांबांमधून व मोकळ्या कमानींतून पाणी निघून गेले, हे अभियंत्यांनी दिलेले कारण आहे. देवाने माणसाला बुद्धी दिली ती खांबांची जाडी मोजण्यासाठीही दिली, असे आम्ही मानतो. किनाऱ्यावर मृत्यू पावलेले लोक श्रद्धेत उणे होते, असे सुचविणारे कोणतेही स्पष्टीकरण ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शोभणारे नाही.

वसई-उत्तनच्या किनारपट्टीवर चर्च, शाळा, सभागृह आणि दवाखाना यांच्या वास्तू बहुधा वस्तीच्या मधोमध आहेत. पावसाळ्यात घरांत पाणी शिरले की लोक तेथेच येतात. मोठी लाट आली तरी लोकांचे पाय तिकडेच वळतील, कोणी सांगो वा न सांगो. म्हणून त्या वास्तूंची परीक्षा आधी होणे हे केवळ सरकारचे काम नव्हे. जुने चर्च कौलारू छताचे असेल, उंच पण आतून पोकळ असेल, तर चढावयास तेथे मजलाच नाही. शाळेची इमारत तीन मजली असेल, पण गच्चीच्या दाराला कायमचे कुलूप असेल, तर ती दोनच मजल्यांची समजावी. खांबांतील सळ्या खाऱ्या हवेने गंजल्या असतील, तर बाहेरचा रंग काही सांगत नाही. बांधकाम-अभियंत्याला बोलवावे, मूळ नकाशे शोधावेत, गच्चीची मापे घ्यावीत, किल्ल्या कोठे राहतील ते ठरवावे. वास्तू अयोग्य ठरली तर तसे लोकांना स्पष्ट सांगावे आणि दुसरी योग्य इमारत, मग ती कोणाच्याही मालकीची असो, दाखवून द्यावी. धर्मग्रामाच्या वास्तूला ‘येथे येऊ नका’ असे म्हणणे कोणत्याही धर्मगुरूला जड जाईल. उनोसुमाईत ते म्हटले गेले नाही.

उनोसुमाईचे ते केंद्र नंतर पाडण्यात आले. त्या जागी २०१९ साली स्मृतिउद्यान झाले आणि तेथे मृतांची नावे लिहिली आहेत. पाणी किती उंच चढले याची खूणही तेथे दाखविलेली आहे. ती पाहावयाची तर मान वर करावी लागते.